वाचनालयातलं फुकटचं श्प्राखकाफे, आणि माझे पाण्यात गेलेले १४९ युरो

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणारे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: श्प्राखकाफे, म्हणजे जर्मन बोलायची सवय करायला लोक जमतात ती जागा, पाचपैकी साडेचार स्टार, फुकट आहे, जा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी पुण्याची, म्हणजे चिंचवडची (हे दोन्ही एक नाही असं म्हणणारे नदीपलीकडचे लोक मला माहितीयेत, असू दे), नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी स्टुटगार्टला आले. त्याचं ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना), त्यामुळे बायकोला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीची परीक्षा लागत नाही, तेव्हा वाटलं सुटले बाई. आता वाटतं लागली असती तर बरं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मला माज पण होता, कारण मी अकरावी-बारावीला जर्मन घेतलं होतं. पुण्यात कुणी का घेतं ते तुम्हाला माहितीच आहे, स्कोअरिंग असतं म्हणून. १०० पैकी ९२ होते मला. त्या ९२ मार्कांत मी एकाही माणसाशी एकही वाक्य बोलले नव्हते, बाईंशीसुद्धा नाही, बाई वर्गात मराठीतून शिकवायच्या आणि आम्ही रिकाम्या जागा भरायचो.

इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. सहा ब्रेड रोल मागायचे होते, वाक्य घरून पाठ करून गेले होते, आणि ते बरोबर आलं पण! मग काउंटरवरची बाई माझ्याकडे पाठ करून रोल काढता काढता काहीतरी बोलली, मला त्यातलं फक्त 'ट्यूट' असं काहीतरी ऐकू आलं, आणि हातात कागदी पिशवी दिसली. मी म्हटलं अरे वा, पिशवी देतायत, छान हसून 'डांके' म्हणाले. तिने पिशवी परत ठेवून दिली. सहा रोल माझ्या हातात. नंतर कळलं की कुणी काही हवंय का विचारलं आणि तुम्ही नुसतं 'डांके' म्हणालात तर त्याचा अर्थ 'नको, थँक्यू' असा होतो, हवं असेल तर 'या, बिटं' किंवा 'गेर्न' म्हणायचं. हे बारावीच्या पुस्तकात नव्हतं. जॅकेटमध्ये रोल भरून घरी आले, लेक म्हणाली आई तू चोरून आणलेस का.

तर तिथून सुरुवात झाली. मग माणूस जे करतो तेच मी केलं, पैसे खर्च केले.

पहिलं म्हणजे फोनवरचं ॲप. नाव लिहीत नाही, सगळ्यांच्याच फोनमध्ये कुठलं ना कुठलं असतं. रोज न चुकता २०० च्या वर दिवस केलं, आणि त्या २०० दिवसांनंतर मी 'हत्ती वर्तमानपत्र वाचतो' असली वाक्यं बिनचूक बोलू शकत होते. हत्ती भेटला तर प्रश्न नाही. पण शेजारच्या काकू जिन्यात भेटून काहीतरी विचारायच्या तेव्हा हत्तीचा काही उपयोग नव्हता. ॲप वाईट नाही, शब्द येतात त्याने, एवढंच की ॲप तुमची वाट बघतं. माणसं बघत नाहीत.

दुसरं, भाषांतर करणारे इअरबड. १४९ युरो. नवरा म्हणाला घेऊन टाक, टेक्नॉलॉजी कुठे गेलीये बघ. त्यात मराठी नव्हतीच, म्हणजे जर्मनमधून इंग्रजी कानात, इंग्रजीतून डोक्यात मराठी, मग मराठीतून उत्तर, उत्तराचं इंग्रजी, ते फोनला सांगायचं, फोन जर्मन बोलणार. एवढा सगळा द्राविडी प्राणायाम होईपर्यंत समोरचा माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असतो, आणि तो तुमच्याकडे नाही, फोनकडे बघून बोलायला लागतो. त्यात इथले लोक श्वाबिश बोलतात, म्हणजे इथली बोली, 'इस्ट'चं 'इश्', 'बिसशेन'चं 'बिस्सले', ते यंत्राला झेपत नव्हतं. एकदा शेजारच्या काकूंनी कचऱ्याच्या डब्याबद्दल काहीतरी सांगितलं तर माझ्या कानात 'शनिवारी आजोबांना बाहेर ठेवा' असं आलं. आता ते ड्रॉवरमध्ये आहेत, गाणी ऐकायला बरे आहेत. म्युझियममध्ये किंवा दोन दिवसांच्या ट्रिपला चालतील, पण राहायला आलेल्या माणसाने घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत.

तिसरं, ऑनलाइन वन-टू-वन टीचर, तासाचे १८ युरो. मुलगा चांगला होता, बिचारा इतका सावकाश आणि इतका स्वच्छ बोलायचा की मला वाटायचं मला सगळं येतं. फोन ठेवून खाली दुकानात गेलं की परत ठणठण गोपाळ. आणि अडलं की तो लगेच इंग्रजीवर यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे यायचीये.

आता मूळ मुद्दा. श्प्राखकाफे म्हणजे शब्दशः भाषा-कॅफे. जर्मनीत हा प्रकार खूप ठिकाणी असतो, वाचनालयात, चर्चच्या हॉलमध्ये, वस्तीच्या सेंटरमध्ये, आठवड्यातून एकदा लोक जमतात आणि गप्पा मारतात, बहुतेक ठिकाणी फुकट. क्लास नसतो तो. क्लास हवा असेल तर फोल्क्सहोखशुले, म्हणजे मोठ्या माणसांसाठीची सार्वजनिक शाळा आहे, सगळ्या शहरांत असते, तिथले कोर्स रीतसर असतात आणि खाजगी क्लासपेक्षा स्वस्त पण. बाहेरून राहायला आलेल्यांसाठीचा सरकारी इंटिग्रेशन कोर्स हवा असेल तर तो ७०० तासिकांचा, त्यातल्या ६०० भाषेच्या. श्प्राखकाफेत हजेरी नाही, पुस्तक नाही, सर्टिफिकेट तर नाहीच नाही.

मी जाते ते आमच्या भागातल्या छोट्या शाखेत. स्टुटगार्टचं ते पांढऱ्या ठोकळ्यासारखं मोठं वाचनालय, २०११ साली उघडलेलं, ज्याच्या आतल्या जिन्यांचे फोटो सगळे टाकतात, ते नाही. हे आपलं साधं, खाली बेकरी वर वाचनालय असं. बुधवारी पाच ते साडेसहा, लहान मुलांच्या विभागात, त्यामुळे खुर्च्या लहान मुलांच्याच. पहिल्या दिवशी मी गेले तर एका फुटाच्या खुर्चीवर सहा फुटी सिरियन मुलगा गुडघे कानाला लावून बसलेला, शेजारी युक्रेनच्या एक बाई, एक ब्राझीलची, आणि एक तुर्की आजी ज्या तीस वर्षं इथे आहेत आणि तोफेसारखं जर्मन बोलतात पण सगळं चुकीचं, आणि कुणाचंच काही अडत नाही. चालवणारे दोघं, दोघंही स्वयंसेवक. एक रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका, आणि एक आजोबा जे आयुष्यभर इथल्या एका कारखान्यात टूल-मेकर होते आणि श्वाबिश सोडून काही बोलत नाहीत. थर्मासमध्ये कॉफी, एक डबा, त्यात वाटलं तर नाणं टाका.

नियम एकच. टेबलावर इंग्रजी नाही. कुणालाच नाही, अडलं तरी नाही.

मला पहिल्या दिवशी हा नियम अत्यंत आगाऊपणाचा वाटला. म्हणजे सुशिक्षित माणूस आहे मी, इंग्रजीत अकाउंट्सची दहा वर्षं नोकरी केलीये, आणि तुम्ही मला मुकं करून बसवताय? हातवारे करायचे, चित्र काढायचं, जर्मन शब्दांनी जर्मन शब्दाचा अर्थ सांगायचा. मला 'चाळण' हवी होती एकदा, शब्द माहीत नाही, मी म्हटलं 'भांडं, पण पाणी जातं, भात राहतो'. आजोबा म्हणाले 'आऽऽ, झीब!' आता तो शब्द मी मेल्याशिवाय विसरणार नाही. ॲपने हाच शब्द मला बहुतेक चाळीस वेळा दाखवला असेल.

पण नियमाचा खरा फायदा मला तीन-चार आठवड्यांनी कळला, आणि तो मराठी माणसांसाठी जास्त आहे, म्हणून हे सगळं लिहायचा खटाटोप.

झालं असं की जूनमध्ये भयंकर उकडत होतं, इथे घरांना पंखे नसतात, वाचनालयातही नाही. मी आत आले आणि सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात म्हणाले, 'इख बिन हाइस'. म्हणजे माझ्या मते आय ॲम हॉट, मला गरम होतंय. टेबलावर शांतता. तुर्की आजींनी तोंडावर हात घेतला. आजोबा कॉफीत बघायला लागले. त्या वाक्याचा अर्थ भलताच होतो, तो मी इथे लिहीत नाही, आई पण वाचते हे. शिक्षिकाबाईंनी न हसता (हसू दाबताना त्यांची मान लाल झाली होती) सांगितलं, 'मीर इस्ट हाइस' म्हणायचं. मीर म्हणजे मला. मला गरम आहे.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश. अहो, हे तर आपलंच आहे! मला गरम होतंय. मला थंडी वाजतेय, 'मीर इस्ट काल्ट'. मला कंटाळा आलाय, 'मीर इस्ट लांगवाइलिश'. मला आवडतं, 'मीर गेफेल्ट'. मला मळमळतंय, मला दुखतंय, मला सुचलं, सगळीकडे मीर मीर मीर. इंग्रजीत सगळीकडे 'आय' येतो, म्हणून मी इंग्रजीवरून उड्या मारत होते आणि तोंडावर पडत होते, आणि मराठीवरून गेले असते तर सपाट रस्ता होता. सगळीकडे जमत नाही, भूक लागली की जर्मन माणूस 'माझ्याकडे भूक आहे' म्हणतो, पण तरीही.

त्या दिवसापासून मी आधी मराठीत विचार करायचा आणि मग जर्मनमध्ये जायचं असं ठरवलं, इंग्रजीला वाटेत थांबवायचंच नाही. आणि एकेक गंमत दिसायला लागली. आकडे घ्या. जर्मन आकडे उलटे असतात असं सगळे रडतात, २१ म्हणजे 'आइन-उंड-त्स्वानत्सिश', एक आणि वीस. टेबलावरची ब्राझीलची मैत्रीण अजूनही ५७ ऐकून ७५ लिहिते. मला कधी प्रॉब्लेमच आला नाही, कारण आपल्यातही एकवीस, बावीस, सत्तावन्न, आधी एकक मग दशक. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं होतं आणि केवढा दंगा झाला होता आठवतंय? तर ऐका, जर्मनीत पण अशी एक संस्थाच आहे, तिचं नावच 'त्स्वानत्सिशआइन्स', म्हणजे शब्दशः वीस-एक, त्यांचं म्हणणं मुलांना सोपं पडेल म्हणून आकडे सरळ बोलू द्या. हे मी शिक्षिकाबाईंना आमच्याकडच्या दंग्याबद्दल सांगत होते तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि मग वीस मिनिटं आम्ही दोघी त्यावर भांडलो. जर्मनमध्ये! भांडता येणं ही पायरी कुठल्या परीक्षेत धरत नाहीत, धरायला हवी. (मी एकवीसवाली. त्या वीस-एकवाल्या.)

वेळेचं तर विचारूच नका, त्यात मी सपशेल आपटले होते. एका दवाखान्यात फोनवर अपॉइंटमेंट घेतली. फोन हा सगळ्यात अवघड प्रकार, चेहरा नाही, हात नाहीत, फक्त आवाज. पलीकडची बाई म्हणाली 'हाल्प द्राय'. मी दर वाक्याला 'गेनाउ, गेनाउ' म्हणत होते, म्हणजे अगदी बरोबर, कारण मी नुकतीच शिकले होते आणि ते म्हटलं की जर्मन वाटायला होतं. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, म्हणून मी साडेतीनला गेले. अपॉइंटमेंट अडीचची होती. हाल्प द्राय म्हणजे अडीच, तीन व्हायला अर्धा तास कमी, खरं तर तिसऱ्या तासाचा अर्धा. चूक माझीच, त्यांनी मला नीट दोनदा सांगितलं होतं.

हे बुधवारी सांगितलं तर आजोबांनी भिंतीवरचं मुलांचं पुठ्ठ्याचं घड्याळ काढून आणलं आणि काटे फिरवत समजावलं, आणि वर म्हणाले आमच्या श्वाबेनात तर 'द्रायफिअर्टल द्राय' पण म्हणतात, पाऊण-तीन. पावणेतीन! मी ओरडलेच. घरी येऊन आईला फोन केला, आई संस्कृतवाली, ती म्हणाली अगं अडीच म्हणजे मुळात अर्धतृतीय, तिसरं अर्धं, त्याचंच घासून घासून अडीच झालं, आणि दीड पण तसंच, दुसरं अर्धं. म्हणजे हाल्प त्स्वाय दीड, हाल्प द्राय अडीच, शब्दाला शब्द! फक्त पुढे आपण साडेतीन म्हणून गाडी बदलतो आणि ते 'हाल्प फिअर' करत राहतात. आता माझं घड्याळ चुकत नाही. नवऱ्याचं चुकतं. तो ऑफिसात इंग्रजी बोलतो, दोन वर्षांत त्याला 'डांके' आणि बिअरच्या चार जाती एवढंच येतं, आणि बेकरीत मलाच पाठवतो.

लिंगाबद्दल मात्र खोटी आशा देणार नाही. तीन लिंगं त्यांना, तीन आपल्याला, म्हणून तो-ती-ते ही कल्पना डोक्यात बसवायला कष्ट पडत नाहीत, इंग्रजीवाल्यांना ती पण बसवावी लागते. पण जुळत नाहीत. घर, पुस्तक, मूल नपुंसक, तिकडे पण तेच, मन खूश. मग कळतं दार तिकडे ती, खिडकी तिकडे ते, सूर्य चक्क बाई. चमचा तो, सुरी ते, काटा ती, एका ताटात तिन्ही लिंगं. मुलगी नपुंसक, यावर युक्रेनवाल्या बाई फार चिडतात, मला काही वाटत नाही, आपण पण 'कार्टं' आणि 'पोरगं' म्हणतोच की.

आता या काफेची माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट. टेबलाच्या मधोमध एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. त्यावर सात-आठ छोटी वाक्यं. काय म्हणालात? जरा सावकाश. पुन्हा एकदा. अमुक म्हणजे काय? याला काय म्हणतात? एक मिनिट हं. गुरुवारी ना? तीन वाजता ना? असली. आणि खाली लाल पेनाने एक वाक्य लिहून त्यावर काट मारलीये: 'इख फेर्श्टेए निश्ट', मला समजत नाही.

मी विचारलं हे का खोडलंय, हेच तर मला सगळ्यात जास्त लागतं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, ते म्हटलं की समोरच्याला कळत नाही तुझं नक्की काय अडलं. मग तो एक तर इंग्रजीवर येतो, नाहीतर सगळं परत पहिल्यापासून मोठ्याने बोलतो, नाहीतर निघून जातो. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं परत म्हण आणि जिथे अडलं तिथे बोट ठेव. 'ब्रेड कळलं. गेश्निटन म्हणजे काय?' झालं, समोरचा हाताने कापून दाखवतो, तुम्हाला शब्द पण मिळाला आणि बोलणं पण चालू राहिलं.

मग बेकरी-बेकरी खेळतात. हसू नका. शिक्षिकाबाई उठून बुककेसमागे जातात, ते काउंटर, आणि आपल्याकडे पाठ करून, पुटपुटत, भराभर विचारतात, कारण खऱ्या बेकरीत असंच होतं: कापून देऊ का अख्खा? अजून काही? इथे खाणार की नेणार? पिशवी? कार्ड की रोख? बिल हवंय? एवढंच असतं हो, वर्षभर दुकानांत घाबरत होते ते या सहा-सात प्रश्नांना. फक्त क्रम बदलतो. ते एकदा कानात बसलं की समोरच्याने अर्धं वाक्य खाल्लं तरी चालतं, आपण चहावाल्याशी बोलताना तरी कुठे पूर्ण वाक्य ऐकतो. शेवटी 'शोनन टाग नोख' म्हणाले की आपण 'ग्लाइशफाल्स', म्हणजे तुम्हालाही. हा एक शब्द बरोबर वेळेवर टाकलात तर पुढच्या वेळी ती बाई तुमच्याशी इंग्रजी बोलत नाही, स्वतः करून बघितलंय.

आणि मधले मधले शब्द. आपण नाही का, हो का, बरं, अगं बाई, मग, असं होय, एवढ्यावर अर्धा तास फोन चालवतो, तसंच त्यांचं 'आख झो', 'ना या', 'श्टिम्ट', आणि इकडच्यांचं लाडकं 'गेल?', म्हणजे आपलं वाक्याच्या शेवटचं 'ना?'. आजोबांनी मला 'गेल' शिकवलं. शिक्षिकाबाईंना ते आवडलं नाही, त्यांचं म्हणणं आधी शुद्ध शिका. पण जिन्यातल्या काकूंना मी एकदा म्हटलं 'हाइस हॉइटं, गेल?', आज उकडतंय ना, तर त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि पंधरा मिनिटं बोलल्या. मला तीस टक्के कळलं. गेनाउ मात्र म्हटलं नाही, शहाणी झालेय.

तू-तुम्हीचं एक अवघड जातं अजून. टेबलावर सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे अरे-तुरे. सत्तरीच्या बाईंना मी 'तू' कसं म्हणू? जीभ रेटत नाही. मी 'झी' म्हणत राहिले, तर त्यांना वाटलं मी रुसलेय. मग एकदा सांगितलं, की आमच्यात आईला अगं चालतं पण बाबांना अहो, आणि 'सर आला' असं म्हणत नाहीत, 'सर आले' म्हणतात, एक माणूस असला तरी. त्यांना हे फार आवडलं, कारण त्यांचं 'झी' पण मुळात 'ते'च आहे, अनेकवचन. तर तोडगा असा निघाला की मी त्यांना डू म्हणते पण मनात 'अहो' म्हणते.

आता तक्रारी, नाहीतर म्हणाल हिला कमिशन मिळतं. खुर्च्या. कंबर असलेल्या माणसांनी उशी घेऊन जा. दर बुधवारी नवीन कुणीतरी येतं आणि मग परत सगळ्यांची नावं, कुठून आलात, किती वर्षं झाली, पहिली वीस मिनिटं त्यात जातात, मी ते आता झोपेत म्हणते. एक गृहस्थ आहेत, कुठले ते सांगत नाही, त्यांना सुरू केलं की बंद होत नाहीत, आणि स्वयंसेवक बिचारे भिडेखातर थांबवत नाहीत. व्याकरण कुणी शिकवत नाही, चुका दहातली एक सुधारतात, परीक्षा द्यायची असेल तर याच्या भरवशावर बसू नका, तुर्की आजींचं उदाहरण वर दिलंच. शाळेच्या सुट्टीत बंद, आणि इथली उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांची, त्यात सगळं शिकलेलं वाळून जातं. अर्धा स्टार त्यासाठी कापला. आणि कौतुकाची अपेक्षा ठेवू नका. आजोबांना मी एकदा विचारलंच, की माझं जर्मन सुधारलंय का हो? ते म्हणाले इकडे एक म्हण आहे, रागावलं नाही म्हणजे कौतुकच समजा. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही सदाशिव पेठेत आरामात राहाल.

त्यांना मुंबई माहितीये, पुणं नाही. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जुळी शहरं आहेत, ते त्यांच्या लक्षात आहे. चाकणला इथल्या गाड्यांचा कारखाना आहे हे सांगितल्यावर पुणं पण त्यांच्या नकाशावर आलं.

नवीन येणाऱ्यांना एक सांगते, पुण्यात मॅक्सम्युलर भवनला किंवा रानडे इन्स्टिट्यूटला जर्मनचा रीतसर कोर्स करून आलात तर उत्तमच, तो पाया इथे कामाला येतो, माझ्यासारखे ९२ मार्क घेऊन येऊ नका. पण कोर्स झालेला असो नसो, पहिल्या महिन्यातच श्प्राखकाफे शोधा. वाचनालयाच्या दारावर कागद लावलेला असतो, वेबसाइटवर सापडेलच असं नाही. नाव नोंदवावं लागत नाही. पाचला पोचा, सव्वापाचला गेलात तर फक्त बीनबॅग उरते आणि त्यातून जर्मनमध्ये उठता येत नाही.

या बुधवारी मला पुरणपोळी समजावून सांगायचीये, करून पण नेतेय. अडचण एकच, पुरणाला काय म्हणायचं. ऑनलाइनवाल्या मुलाला मेसेज करून विचारलं तर म्हणाला फ्युलुंग म्हण. पण दातात सिमेंट भरतात त्याला पण फ्युलुंगच म्हणतात, मागच्या महिन्यातच दोन भरून घेतलीत. इथे राहणाऱ्या कुणाला दुसरा शब्द माहीत असेल तर मंगळवार रात्रीपर्यंत सांगा, नाहीतर 'डाळ, पण गोड, पोळीच्या पोटात' असं सुरू करते आणि बघते आजोबा कुठे पोचतात.